अठ्ठेचाळीस पैशांचं जंगल

वानखडे साहेबांनी माझ्या लग्नाला चौपन्न पैसे लावले. आहेराची गोष्ट नाही ही. आहेरात त्यांनी स्टीलचा डबा दिला होता. चौपन्न हा त्यांचा आकडा होता आणि तो त्यांनी भर पंगतीत, माझ्या मामांच्या शेजारी बसून, वांग्याची भाजी कालवता कालवता जाहीर केला. "भाजी शहात्तर, बुंदी साठ. पण बँडवाल्यानं खाली ओढलं. सरासरी चौपन्न." मामांना वाटलं, माणूस वेडा आहे. मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं की आकडा पन्नासच्या वर आहे, काळजीचं कारण नाही.

ज्यांचा शेतीशी संबंध बाजारातल्या पिशवीपुरताच आला आहे, त्यांच्यासाठी सांगतो. गावात पीक कितपत आलं हे ठरवायची एक सरकारी रीत आहे, तिला पैसेवारी म्हणतात. भरघोस पीक म्हणजे शंभर पैसे धरायचे आणि यंदाचं त्याच्या हिशेबात कितीला बसतं ते काढायचं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. आकडा पन्नासच्या खाली गेला की गाव टंचाईत धरतात आणि मदत मिळते. वर राहिला की गावानं आपलं आपण पाहायचं. मधुकरराव वानखडे हे कृषी सहायक. उभा जन्म त्यांनी दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन आखून त्यातलं पीक कापण्यात आणि तोलण्यात घालवला. पुढे पुढे त्यांना दुसऱ्या कोणत्याही मापानं जगाकडे पाहता येईना.

वऱ्हाडचं नाव रोज पेपरात यायचं आणि पांढऱ्या गाड्यांचे ताफे वावरांच्या धुऱ्यावर येऊन उभे राहायचे, त्या वर्षांतली ही हकिकत आहे. पाहुणे उतरायचे, कपाशीच्या झाडाला हात लावून फोटो काढायचे, गंभीर व्हायचे आणि जेवायला विश्रामगृहावर जायचे. अशाच एका दौऱ्यानंतर मी साहेबांना विचारलं, कसा झाला? ते म्हणाले, "धूळ ब्याण्णव पैसे. भाषण एकवीस."

अशा माणसाला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरवरच्या खेळाचा नाद लागला.

साहेबांचं घर अमरावतीला, नोकरी अकोल्याला. वहिनी धारणीला शाळेत शिकवायच्या. तिकडच्या रस्त्यांमुळे महिन्यातून दोनदा घरी आल्या तरी पुष्कळ. सोमवार ते शुक्रवार साहेब जठारपेठेत आमच्या गल्लीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी अमरावतीच्या रिकाम्या घरी जायचे. तिथे त्यांच्या पुतण्यानं त्यांना 'ड्रेकहोल्ड' नावाच्या खेळात घातलं. इकडे अकोल्यात इकबालभाईंच्या सायबर कॅफेत ड्रेकहोल्डच्या जोडीला 'मूनमार्श' नावाचा दुसरा खेळ चालायचा. दोन्ही एकाच जातीचे. आपण एक नाव घ्यायचं, एक सोंग घ्यायचं आणि जगभरातल्या हजारो अनोळखी लोकांबरोबर राक्षस मारत हिंडायचं. दोन्ही खेळांच्या कंपन्यांत वैर, खेळणाऱ्यांत त्याहून जास्त. एक खेळणारा दुसऱ्याच्या हातचा चहा घ्यायचा नाही. दोन्ही खेळणारा अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस होता आणि तो मोटारसायकलच्या डिकीत वजनकाटा घेऊन फिरायचा.

"ड्रेकोल्ड मंजे अमरावती," साहेब सांगत. या नावातला 'ह' त्यांच्या तोंडात टिकत नसे. "रस्ते रुंद, बुरुज उंच, अन् जो तो सोताले किल्लेदार समजते. मूनमार्श मंजे अकोला. चिखलातून चाला, अन् भेटला तो माणूस पह्यले भाव इचारते."

हे वाक्य ते अकोल्यात, भर कॅफेत बोलत आणि तरीही सुखरूप घरी जात. याचं श्रेय अकोल्यालाच दिलं पाहिजे.

तुलना ते मोघम करत नसत. डायरीत दोन रकाने होते. चिठ्ठी टाकून आकडा काढायचा, वेशीपासून तितकी पावलं चालायची, तिथे मनातल्या मनात चौकोन आखायचा आणि दहा मिनिटं बसून काय दिसतं ते लिहायचं. 'प्रयोग चालू असताना ड्रॅगनने व्यत्यय आणला, प्रयोग रद्द,' हा शेरा मी स्वतः वाचला आहे. मूनमार्शमधल्या झाडांवर त्यांचा फार राग. "बावीस झाडं मोजली, बावीसची बावीस सारखी! फांदीले फांदी. यायले काय बियाणं एकाच दुकानातून देल्लं?" त्याच खेळात एक शेत होतं. बी टाकलं की चार तासांत पीक उभं. पाऊस लागत नाही, अळी पडत नाही. साहेबांनी ते एकदा पाहिलं, खुर्ची मागे सारली आणि त्या शेताला शून्य पैसे लावले. "हे खोटं लिवलं हाये," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला.

ड्रेकहोल्डमध्ये मात्र ते 'सरदार वानखडे' होते आणि तो रुबाब खरा होता. त्यांनी 'वऱ्हाड पलटण' उभी केली. चौदा पोट्टे, निम्मे अमरावतीचे, निम्मे अकोल्याचे, आणि ब्राझीलचा एक माणूस, जो चुकून आत आला आणि राहिला. हुकूम सगळे इंग्रजी अक्षरांत, पण वऱ्हाडीत. एका रविवारी या पलटणीनं युरोपातल्या कोणा बड्या मंडळींचा किल्ला तीन तासांत घेतला. लढाई ऐन रंगात असताना त्या ब्राझीलवाल्यानं लिहिलं, 'थांब बे, मांगून येतो.' हे मला सांगताना साहेबांची छाती शर्टाची बटणं ताणत होती. मी सहसा कशानं भारावून जात नाही, पण कबूल करतो, माझीही थोडी ताणली.

मग इकबालभाईंनी बॉम्ब टाकला.

इकबालभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ गेले तेव्हा त्यांनी सात कॉम्प्युटर मांडले. मशिनी जुन्या, लाईन बारीक. दोन्ही खेळांची नवी आवृत्ती एकाच महिन्यात आली आणि दोन्ही एका मशिनीत मावेनात. "देखो भाई लोग," ते म्हणाले, "इत्तीसी लाईन, उसमें दो हाथी नई घुसते. एकच गेम रहेगा. दुसरा निकाल देता मैं." लगेच भांडण पेटलं. ड्रेकहोल्डवाल्यांचा पुढारी पंक्या, म्हणजे पंकज तायडे, इंजिनिअरिंगला तीन वर्षांपासून दुसऱ्या वर्षाला. मूनमार्शच्या बाजूनं गोपाल राऊत आणि आणखी दोघे. गोपालच्या घरचा फुलांचा मळा; सकाळचा बाजार आटोपून तो यायचा, म्हणून कॅफेतल्या दोन कीबोर्डांना कायम झेंडूचा वास असे. इकबालभाईंनी हात वर केले. "वानखडे साहब दोनो खेलते. इमानदार आदमी है. वो बोलेंगे वो रहेगा."

साहेबांनी मान्य केलं. सोमवारी संध्याकाळी अंतिम आकडा.

पंक्यानं त्याच दिवशी पेढे सांगून ठेवले. "साहेब तं आपले सरदार हायेत," तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. साहेब मूनमार्शला पहिल्या दिवसापासून नावं ठेवत आले होते. गोपालनं फक्त एवढंच विचारलं, "साहेब, मूनमार्श जाईन काय?" साहेबांनी डायरी बगलेत घेतली आणि मोटारसायकलला किक मारली. पण त्या आठवड्यात ते माझ्याकडे दोनदा आले आणि दोनदा चहा तसाच ठेवून गेले. चहाला आकडाही लावला नाही. मला एवढं कळलं की मूनमार्श जाऊ नये असं या माणसाला मनापासून वाटतं आहे. कशासाठी, ते कळत नव्हतं. मी म्हणालो, "मग द्या की दोन पैसे जास्त. खेळच आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या वजनकाट्यालाच हात लावला होता.

"एक गाव होतं," ते म्हणाले. "आकडा निघाला एकावन्न. अख्खं गाव माह्या दारात. साहेब, दोनच पैसे खाली घ्या. बाया होत्या त्याच्यात. मी नाई घेतले. तोललं तेवढं लिवलं." मग म्हणाले, "त्या गावावरून मी अजूनही गाडी नेत नाई. फेऱ्यानं जातो. तिथं आकडा नाई हलवला, अन् आता गेमसाठी हलवू?"

सोमवारी कॅफेत उभं राहायला जागा नव्हती. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले, डायरी उघडली, चष्मा लावला. पंक्याच्या हातात पेढ्यांचा पुडा. इकबालभाई मशीनपाशी तयार.

"अंतिम पैसेवारी," साहेब म्हणाले. "ड्रेकोल्ड, एकाहत्तर पैसे."

पोट्ट्यांनी बाकं बडवली.

"मूनमार्श, अठ्ठेचाळीस पैसे."

पंक्यानं पुडा फोडला. गोपाल उठला. "साहेब, तुमी तं मारलंच आमाले," तो म्हणाला आणि चपला शोधू लागला. इकबालभाईंनी मूनमार्श काढून टाकायला माऊसवर हात ठेवला.

"हात काढा," साहेब म्हणाले. "काय करून राहिले?"

"निकाल रहा साब. आपनेच तो बोला."

"मी काय बोललो? अठ्ठेचाळीस बोललो. अठ्ठेचाळीस मंजे किती?"

गोपालच दारातून म्हणाला, "पन्नासच्या खाली."

"पन्नासच्या खाली आला त्याले काय भेटते?"

"मदत," गोपाल म्हणाला. शेतकऱ्याचं पोरगं ते, त्याला पाठ होतं.

"मंग?" साहेबांनी डायरी मिटली. "एकाहत्तरवाला आपल्या पायावर उभा हाये. त्याले काहून मदत पाह्यजे? ड्रेकोल्ड अमरावतीत गल्लीगल्लीत भेटते, अकोल्यात बी स्टँडपाशी भेटते. मूनमार्श या कॅफेतून गेला तं गेला. मदत मूनमार्शले. तो राहते."

"अबे, असं कुठी असते काय?" पंक्या ओरडला. "कमी मार्कवाला पास?"

"तुह्या कॉलेजात नसन. माह्या खात्यात असते."

इकबालभाईंनी डोकं खाजवलं. "साहब, ये कौनसा हिसाब है?"

"सरकारी."

यावर कॅफे असा हसला की पंक्यालाही पेढा खावा लागला. मला मात्र संशय होता. मी पुस्तकी माणूस. सोयीचा निकाल दिसला की मी आधी बेरीज तपासतो. मी डायरी मागितली. चौदा महिन्यांचे प्रयोग, प्रत्येकाची तारीख, प्रत्येकाचा आकडा. मी दोनदा बेरीज केली. अठ्ठेचाळीसच येत होते. एकही आकडा खोडलेला नव्हता. मला माझ्या शेजाऱ्याचा इतका अभिमान वाटला की मी तो लपवण्यासाठी त्यांच्या अक्षराला नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला कॉलेजात शिकवून येताना मी कॅफेत डोकावलो. साहेब कोपऱ्यातल्या मशीनवर मूनमार्श खेळत होते. मी मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर सरदार नव्हता, तलवार नव्हती. हिरव्या लुगड्यासारखं काहीतरी नेसलेली एक बाई हातात कंदील घेऊन एका लाकडी पुलाजवळ उभी होती. डोक्यावर नाव होतं, 'नर्सबाई'.

"हे कोण?" मी विचारलं.

साहेब दचकले. मग म्हणाले, "मीच."

त्यांनी मला समजावलं. मूनमार्शमध्ये नवा माणूस वेशीतून आत आला की पहिला पूल लागतो आणि पुलापलीकडे लांडगे असतात. नव्याला ते ठाऊक नसतं. तो पडतो. पडला की पाच मिनिटं तसाच पडून राहतो. तेवढ्यात कोणी येऊन उठवलं तर ठीक, नाहीतर जवळचं सगळं जातं आणि पुन्हा वेशीपासून सुरुवात. उठवणाऱ्याला मिळत काहीच नाही. म्हणून कोणी थांबत नाही.

"तुम्ही रोज इथे उभे असता?"

"ऑफिस सुटलं की. आकडा लागला तवा हे बी त्याच्यातच धरलं होतं. गेममधी उठवायची सोय हाये, पण उठवणारे नाईत. म्हून अठ्ठेचाळीस."

बोलता बोलता पुलावरून एक जण पळत आला. अंगावर फाटका सदरा, हातात काठी, नाव कुठल्या तरी लिपीतलं, आम्हाला दोघांनाही न वाचता येणारं. लांडग्यानं त्याला एका झेपेत पाडलं. नर्सबाई कंदील घेऊन पुढे गेली, वाकली. साहेब एक कळ दाबून धरून बसले, ओठ घट्ट मिटलेले, जणू तो भार त्यांच्याच मनगटावर होता.

"तिकडे वावरात आपण आकडा लिवतो अन् गाडीले किक मारतो," ते पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "इथं उठते माणूस."

तो उठला. त्यानं आभारही मानले नाहीत. काठी सावरली, वीस पावलं सरळ पळत गेला आणि दुसऱ्या लांडग्याच्या पुढ्यात जाऊन पुन्हा आडवा झाला.

"पाह्य, लेकाचा पुन्हा पडला," वानखडे साहेब म्हणाले. किल्ला घेतला त्या रविवारचं सांगतानाही त्यांचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा वर सरकवला आणि नर्सबाई पुन्हा चालू लागली.