बाईसाहेबांचं मोठं काळीज

आमच्या गिरगावच्या चाळीत दामूअण्णा सगळ्यांना अरे-तुरे करत. शाळकरी पोरांपासून घरमालकापर्यंत कुणाची सुटका नव्हती. अहो-जाहो फक्त एकीला, त्यांच्या मांजरीला. "बाईसाहेब, दूध घेता ना थोडं?" असं त्यांच्या खोलीतून ऐकू आलं की नवखा पाहुणा दाराशीच थबकायचा. आत कुणी बडी बाई बसली असेल, असं त्याला वाटे.

बाईसाहेब इराणी जातीच्या, पांढऱ्याशुभ्र, चपट्या नाकाच्या. अण्णा गोदीच्या कचेरीत हेडक्लार्क. त्यांच्या साहेबाने विलायतेला परत जाताना त्या अण्णांच्या हवाली केल्या, सोबत वंशावळीचा कागद. तो अण्णांनी चौकट करून भिंतीवर लावला होता. "तुझ्या खापरपणजोबांचं नाव सांग बघू," ते मला विचारायचे. मी अडखळलो की म्हणायचे, "बाईसाहेबांच्या खापरपणजोबांचं मी सांगतो."

एके दिवशी बाईसाहेब तोंड उघडं टाकून धापा टाकू लागल्या. अण्णांनी त्यांना वेताच्या पेटीत घातलं आणि मला घेऊन परळला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं.

"काळीज मोठं झालंय," ते म्हणाले.

"ते पहिल्यापासूनच आहे," अण्णा अभिमानाने म्हणाले.

"अहो, हा आजार आहे. अशा जातिवंत मांजरांत पिढीजात येतो कधी कधी. गोळ्या द्या. दगदग नको, धास्ती नको, मोठा आवाज तर मुळीच नको."

संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन धामधुमीत, तेही गिरगावात, हे पथ्य! अण्णा स्वतः चळवळीतले. घोषणा देऊन त्यांचा घसा कायम बसलेला. पण त्याच बसलेल्या घशाने त्यांनी चाळीतली मिरचीची फोडणी बंद केली, शेजारणीचा खलबत्ता गच्चीवर धाडला आणि दुसऱ्या दिवशी प्रभातफेरीपुढे आडवे उभे राहिले.

"मुंबई घ्या, बेळगाव घ्या, पण कोपऱ्यापासून तिसऱ्या दिव्यापर्यंत हळू घ्या."

"अण्णा, हळू आवाजात मुंबई मिळत नाही," फेरीचा पुढारी म्हणाला.

"मग तेवढ्या पन्नास पावलांत मिळवू नकोस."

फेरी आमच्या चाळीसमोरून मुक्याने जाऊ लागली. मागच्यांना कारण ठाऊक नव्हतं. त्यांनी टोप्या काढल्या. चौथ्या दिवशी दामूअण्णा गेल्याची बातमी पसरली आणि दोघेजण हार घेऊन वर आले. दार अण्णांनीच उघडलं. "आवाज करू नका रे," म्हणत त्यांनी हार घेतले आणि गणपतीच्या तसबिरीला घातले.

पुढे एका दुपारी नाक्यावर लाठीमार झाला, अश्रुधूर सुटला. मी धावतच अण्णांच्या खोलीत गेलो. त्यांनी दारं-खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली होती. बाईसाहेब त्यांच्या मांडीवर होत्या आणि बाईसाहेबांच्या डाव्या बगलेत दोन बोटं ठेवून ते ठोके मोजत होते.

"सुशीला जिना चढून आली की उंबऱ्यावर बसायची," ते म्हणाले.

सुशीला म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तिचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

"हातात भाजीची पिशवी, आणि अशीच धाप. मला वाटायचं आळस. म्हणायचो, ऊठ, चहा टाक. दिवसाकाठी दहा फायली तपासायचो मी, पण तिला काय होतंय ते विचारलं नाही रे कधी."

मी एक फडकं पुन्हा भिजवून आणलं.

बाईसाहेब त्या दिवशी तगल्या. गेल्या त्या पुढच्या थंडीत, सकाळच्या उन्हात झोपल्या असताना. अण्णांनी दुसरी मांजर आणली नाही. महिनाभर ते फारसे कुणाशी बोललेही नाहीत. मग एका रविवारी त्यांनी खोलीतलं एकुलतं एक स्टूल उचललं आणि दुसऱ्या जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवलं. बायका आधी हसल्या, मग बसू लागल्या. बाजारहाट करून चढणारी एखादी तिथे न थांबता पुढे निघाली, तर कठड्यावरून अण्णांचा बसका आवाज यायचा, "बस घटकाभर. घर कुठे पळून जात नाही."