‘वगळा’ आणि ‘फक्त नाव’

"काका, वह्या चाळायचे दिवस संपले! एक ओळ टाइप केली की यादी हजर!" शेगावच्या वधू-वर मेळाव्यात हर्षल ढगेनं छाती फुगवून सांगितलं. यादी नीट निघाली तर त्याच्या मनात भरलेल्या पूनमच्या वडिलांकडे त्याच्यासाठी शब्द टाकायचं शालिग्रामकाकांनी कबूल केलेलं! ते मंडळाचे अध्यक्ष, आणि हर्षल बत्तीस वर्षांचा. जीव टांगणीला लागलेला.

शोधायचा प्रोग्राम त्यानं स्वतः लिहिलेला. उमेदवाराचं आडनाव टाकून ‘वगळा’ म्हटलं की त्या कुळाची, आणि ज्यांचं मामकूळ, म्हणजे आईचं माहेर, त्या कुळातलं तीसुद्धा, सगळी स्थळं बाहेर. ‘फक्त नाव’ म्हटलं की बाकी माहिती गाळून नुसती नावं. वेगवेगळे दिले तर दोन्ही पर्याय शहाण्यासारखे वागायचे. आज एकत्र दिले, तर पडदा कोरा!

"अबे, लोकं येऊन बसले! यादी कुठी हाय?" काका ओरडले.

घाईघाईत हर्षलनं दुरुस्ती केली: दोन पर्यायांचं भांडण झालं, तर शेवटी आलेल्याचंच ऐकायचं. आणि काय सांगावं, भराभर चिठ्ठ्या छापून निघाल्या! त्याच्या स्वतःच्या चिठ्ठीवर तर पहिलंच नाव पूनमचं!

तेवढ्यात मुलासाठी स्थळ बघायला आलेले वामनराव ताडकन उठले आणि समोरच्या कुटुंबाकडे बोट दाखवत म्हणाले, "शालिग्रामभाऊ, हे काय लावलं? यायचं अन् आमचं सुतक एक हाय!"

"आमच्या पोराले त चुलत बहीणच दाखवून राह्यले!" गोजरबाई कडाडल्या.

हॉलभर भावकी भावकीसमोर बसली होती. हर्षलनं प्रोग्राम पुन्हा उघडून पाहिला. ‘फक्त नाव’ शेवटी आलं, म्हणून प्रोग्राम ‘वगळा’ विसरला होता. जी स्थळं चुकूनही दाखवायची नाहीत, नेमकी तीच छापली होती!

"काका, पाच मिनिटं!" त्यानं क्रम लावला: आधी वगळायचं, मग उरलेल्यांची नावं. नव्या चिठ्ठ्या निघाल्या. वामनराव खाली बसले, गोजरबाई हसल्या, काकांनी पाठ थोपटली.

हर्षलनं आपली नवी चिठ्ठी वरून खाली वाचली. मग खालून वर. पूनम गायब! धावत जाऊन त्यानं तिचा फॉर्म काढला. मामकूळ: ढगे.

"अरे हाव, तिची माय तुमच्याच भावकीतली," काका डोकं खाजवत म्हणाले. "माह्या ध्यानातच नाही राह्यलं!"

मागे उभ्या असलेल्या पूनमनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि हात जोडले.

"बरं झालं मामा, येळेवर दुरुस्त केलं तुमी!"