आप्पांचा पुण्यातला तुकडा

"माझा पुण्यात एक तुकडा हाय," असं आमच्या यवतच्या भिवाआप्पांनी माझ्या एसटीडी बूथवर चारचौघांत सांगितलं, आणि आठवड्याच्या आत ते गावातले सगळ्यात लाडके म्हातारे झाले. रांजणगावला कंपन्या आल्यापासून आमच्याकडे तुकडा म्हणजे जमिनीचाच.

आप्पा ऑपरेशनसाठी पुण्यात पडून होते तेव्हा एकही पुतण्या तिकडे फिरकला नव्हता. आता दोघंही पेढे घेऊन आले. "आप्पा, कुठल्या अंगाला हाय?"

"बर्फात," आप्पा म्हणाले. "दोन बोटांचा हाय. करा वाटणी."

तुकडा होता त्यांच्या मोठ्या आतड्यातल्या कॅन्सरच्या गाठीचा. डॉक्टरांनी तो संशोधनासाठी ठेवून घेतला होता. गाठीतली कुठली जनुकं बोलतात, कुठली गप्प बसतात, त्यावरून आजार पुन्हा उलटेल का हे आधीच सांगता येतं का, ते त्यांना बघायचं होतं. आप्पांनी त्यातलं 'बोलतात' तेवढं पकडलं. दर सोमवारी येऊन लॅबला फोन लावायला सांगायचे आणि विचारायचे, "माझा तुकडा काय म्हंतोय?"

तिकडची बाई तेच ते ऐकवायची : हे संशोधन आहे, एकेकाचा निकाल कळवत नाही. मला हसू यायचं, आणि संतापही. शिकल्यासवरल्या माणसांना म्हाताऱ्याचा तुकडा हवा होता, म्हातारा नको होता. आप्पा फोन ठेवून म्हणायचे, "बघ. मांस माझं, आन् बोलतंय परक्यासंगं. तेबी इंग्रजीत."

म्हातारा मरणाला भितो, असंच मी धरून चाललो होतो. एकदा वैतागून म्हणालो, "आप्पा, कळून करणार काय तुम्ही?"

"ही म्हायेरी जाईल," ते म्हणाले.

ही म्हणजे ठकूकाकी. त्यांचं माहेर पाबळ. ऑपरेशनपासून त्या गेल्याच नव्हत्या. तिकडे भावानं अंथरूण धरलं, तरी नाही. "म्हंती, मी पाठ फिरवली की दुखणं उलटंल."

पुढच्या सोमवारी आप्पा काकींनाच घेऊन आले. त्यांना बाकावर बसवलं, रिसीव्हर उचलला. नंबर काही लावला नाही. "काय म्हंतोय? उलटत न्हाई म्हंतोय? व्हय, व्हय. सांगतो घरात." मीटरवर शून्य होतं. काकींना आकडे वाचता येत नव्हते, आणि मी तोंड उघडलं नाही.

काकी दुपारच्या एसटीत बसल्या. भाकरी दुरडीत झाकून ठेवलीय, हे खिडकीतून पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

गाडी गेल्यावर आप्पा परत बूथवर येऊन बसले. मी विचारलं, "आता खरा लावू का फोन?"

त्यांनी रिसीव्हर तळहातानं दाबून धरला.

"नगं," म्हणाले. "खरंच बोलला तर?"