तळ्याकाठची प्लास्टिकची माणसं

सकाळी तराजूसाहेबांनी सभागृहाचं दार उघडलं आणि आधी कोणावर ओरडावं तेच त्यांना सुचेना. टेबलभर पसरलेल्या शहराच्या मॉडेलमधली सगळी माणसं जागेवरून हलली होती.

माणसं म्हणजे प्लास्टिकची, नखाएवढी. मॉडेलवाल्याने ती नव्या बाजारपेठेच्या चौकात उभी केली होती. बाबागाडी ढकलणारी बाई, बॅगवाला नोकरदार, हातात हात घालून निघालेलं म्हातारं जोडपं. विकास झाल्यावर लोक किती मजेत असतील हे खात्याच्या मोठ्या साहेबांना दिसावं, एवढीच त्यांच्यावर जबाबदारी. आता चौक ओस पडला होता. सगळी मंडळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे तळं बुजवून रुंद रस्ता दाखवला होता, तिथे जुन्या काठाने ओळीत उभी होती. दाराकडे पाठ करून.

"मावशी!" तराजूसाहेबांनी सफाईवाल्या बाईंना हाक मारली. "ही माणसं तुम्ही हलवलीत?"

"मी कशाला हलवू? मी खालची फरशी पुसते. वरचं शहर तुमचं."

हे मावशींचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. शहरात काहीही नवं व्हायचं असलं की त्याचे फायदे एका पारड्यात आणि नुकसान दुसऱ्या पारड्यात टाकून तोलायचं काम साहेबांचं, म्हणून तर अख्खं खातं त्यांना तराजूसाहेब म्हणायचं. तोलायचा नियम सोपा होता. ज्याची पावती फाटते त्याला गुण, ज्याची फाटत नाही त्याला शून्य. रस्त्यावर टोल बसणार, कडेच्या दुकानांचं भाडं येणार, म्हणून रस्त्याचं पारडं जड. तळं हवा गार ठेवतं, पावसाचं पाणी पोटात घेतं, बगळ्यांना सांभाळतं. पण यातलं एकही काम ते पावती देऊन करत नाही. तळ्याला शून्य.

हा तोल मोठ्या साहेबांनी मान्य केला की तराजूसाहेबांची बढती पक्की होती. तळ्याच्या खालच्या अंगाला त्यांच्या थोरल्या ताईचं घर होतं. पण ताईचं घर कुठल्याच रकान्यात बसेना, तेव्हा त्यांनी तो विषय डोक्यातून काढून टाकला होता. मनातून तो निघाला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्यांनी चिमट्याने एकेकाला उचलून चौकात नेऊन ठेवलं. जेवून परत आले तर मंडळी पुन्हा तळ्याकाठी. आता मात्र मॉडेलवाल्याला बोलावणं गेलं.

"ही कसली माणसं दिलीस?"

"साहेब, चांगल्यातली आहेत. पाकिटातून काढली तेव्हा सगळी हसत होती." मॉडेलवाल्याने भिंग पुढे केलं. "आता बघा."

तराजूसाहेबांनी बघितलं. एकही तोंड हसत नव्हतं. म्हातारीचा चेहरा बघताना तर त्यांच्या अंगावर काटा आला. तिने मान जराशी तिरकी केली होती, पाण्याचा आवाज ऐकत असल्यासारखी.

"कारखान्याची चूक असेल," मॉडेलवाला हळूच म्हणाला. "तक्रार करू?"

"आधी चौकात नेऊन चिकटव. तुझ्याकडे सगळ्यात जहाल गोंद असेल तो काढ."

गोंद लागला, दाराला कुलूप लागलं, किल्ली साहेबांच्या खिशात गेली. घरी पोचतात न पोचतात तोच ताईचा फोन आला.

"काय रे, तळ्याचं काही चाललंय का? तू त्याच ऑफिसात म्हणून लोक मला विचारतायत."

"अभ्यास चालू आहे, ताई."

"मग नीट कर. लहानपणीसुद्धा घाईघाईतच पेपर लिहायचास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. चौकात आता नुसत्या चपला आणि बूट उरले होते, तिळाएवढाले, घट्ट चिकटलेले. माणसं अनवाणी तळ्याकाठी उभी होती.

"गोंद मात्र पहिल्या दर्जाचा होता, साहेब," मॉडेलवाला म्हणाला.

त्याला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही, कारण मोठे साहेब दारात उभे होते. त्यांनी टेबलाला सावकाश एक फेरी मारली. चौकातल्या चपला बघितल्या. तळ्याकाठची ओळ बघितली.

"वा!" मोठे साहेब म्हणाले. "काय कल्पना आहे! लोक नव्या रस्त्याकडे धावत सुटलेत. पायात काही घालायचंसुद्धा भान राहिलेलं नाही. याला म्हणतात जनतेची मागणी. याचे गुण धरलेत?"

"नाही, साहेब."

"धरा की मग! फायद्यात धरा."

"साहेब, ते रस्त्याकडे नाही... ते..."

"ते काय?"

मोठ्या साहेबांनी पेन पुढे केलं होतं. मॉडेलवाला छताकडे बघत होता. तराजूसाहेबांना बढती दिसली, नवी केबिन दिसली, केबिनची खिडकीसुद्धा दिसली.

"काही नाही, साहेब," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मग ते चहा प्यायला बाहेर पडले. चहाची टपरी डाव्या हाताला, पण पाय उजवीकडे वळले. त्यांनी वळवले नव्हते. उतार लागला, बाजार मागे पडला, गाड्यांचे आवाज कमी कमी होत बंद झाले. तळ्याच्या काठाने खालच्या वस्तीतली माणसं ओळीत उभी होती. दुकानदार दुकान टाकून आलेला, कोणाच्या हाताला कणीक तशीच, कोणाच्या कडेवर मूल. कोणी बोलत नव्हतं, मूलही रडत नव्हतं. सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. त्यातली एक पाठ त्यांनी लांबूनच ओळखली.

"ताई, काय करताय सगळे इथे?"

"बघतोय," ताई वळून न बघता म्हणाली.

"काय?"

"आता हे पाणी कुठे जाणार ते."

वाराही पडला होता. तराजूसाहेबांना खोटं बोलावंसं खूप वाटलं, पण या बाईपुढे ते त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"ताई, मी सही केली."

ताई तेव्हा वळली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. लहानपणी ती अभ्यासातलं विचारायची तशा आवाजात तिने विचारलं, "मग तूच सांग. तुम्ही सगळं मोजलंय ना? पावसात घरातलं सामान किती उंच ठेवू?"

पाणी किती चढेल ते दाखवायला तराजूसाहेबांनी सवयीने हात पुढे केला. हात गुडघ्यापाशी गेला. तिथे थांबेना. कमरेपाशी आला, छातीपाशी आला, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवायचा प्रयत्न केला तरी वर वर जातच राहिला. ओळीतली माणसं एकेक करून वळली आणि त्या हाताकडे बघायला लागली. हात आता त्यांच्या डोक्याच्याही वर गेला होता, आणि ताई टाचा उंचावून बघत होती.