हिराजीकाकांची हजेरी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. हिराजीकाकांच्या मोबाइलमधले सर म्हणजे मी.

शिकवणारे सर खरे आहेत. व्हिडिओ करून ठेवून ते कधीच मोकळे झाले. काकांना जबाब देणारे सर तेवढे मी.

काका कडावला आमच्या शेजारी राहतात. चार म्हशी आणि एकटा जीव. शाळा चौथीत सुटलेली. मोबाइलवर संगणक शिकवणारा फुकट वर्ग सापडला, तेव्हापासून डेअरीवर दूध घालून आले की पाय धुतात, टोपी चढवतात, अंगणात उपड्या पायलीला मोबाइल टेकवतात आणि समोर पाट मांडून बसतात. व्हिडिओ मधेच थांबवत नाहीत. "मास्तरला गप बस बोलू काय?" म्हैस ओरडली तर "सर, आलोच" म्हणून उठतात आणि परतल्यावर सगळं पहिल्यापासून बघतात. जाहिरातसुद्धा पुढे ढकलत नाहीत. पाहुणा बोलतोय, बोलू दे.

पासवर्डच्या धड्यात सर म्हणाले, मजबूत ठेवा, कोणाला सांगू नका. काकांनी गोठ्यातल्या सगळ्यात दांडग्या म्हशीचं नाव ठेवलं आणि त्या दिवसापासून तिला नावानं हाक मारणं बंद केलं. आता ते बांधावरून "अगं ए, तू" असं ओरडतात. बाकीच्या तिघी येतात, ती येत नाही. ते नाव तसं सगळ्या कडावला पाठ आहे.

प्रत्येक धड्याखाली काकांची कमेंट ठरलेली: "हजर". टाइप करत नाहीत, मोबाइलला बोलून उमटवतात, तेही आळीभर ऐकू जाईल असं खणखणीत. काकी गेल्यापासून "आलात काय" असं विचारणारं त्यांच्या घरात कोणी उरलेलं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

माझी खोपोलीच्या कारखान्यातली नोकरी गेली होती. गावात मी "घरून काम करतो" असं सांगायचो आणि खिडकीत लॅपटॉप उघडून बसायचो. त्या रिकामपणात मला थट्टा सुचली. सरांच्या नावाचं, सरांचा फोटो लावलेलं खातं काढलं आणि काकांच्या "हजर"खाली लिहिलं, "शाबास. पुढे बसा."

दुसऱ्या दिवशी काकांनी पाट वीतभर पुढे सरकवला. डेअरीवर सांगून आले, "सरांनी पुढं बसवलंय आमाला." मी खिडकीत पोट धरून हसलो. मग चटकच लागली. एकदा लिहिलं, "टोपी स्वच्छ ठेवा." संध्याकाळी वलणीवर टोपी, आणि काका कधी नव्हे ते बोडक्यानं अंगणात.

एक दिवस अंगणातून आवाज आलाच नाही. पाहिलं तर काका मोबाइलवर वाकून एका बोटानं एकेक अक्षर शोधत होते. बराच वेळ. मला वाटलं, घसा बसला असेल. मग माझ्या लॅपटॉपवर ते उमटलं. त्यांच्या हिशेबी ते सरांच्या कानात सांगणं होतं.

"सर शेजारी विलास हाय. त्याची नोकरी गेली. घरून काम करतो बोलतो पन नुसता बसून असतो. पोर हुशार हाय. त्याला वर्गात घ्या. मी बोललो ते सांगू नका, लाजंल."

पोर. मी पन्नाशीला आलोय.

लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. "घेऊन या," एवढंच लिहिता आलं.

सकाळी काका दारात उभे, काखेत दुसरा पाट.

"चल रं विलास, वर्गाला बसू."

"मला कशाला, काका?"

"मला एकट्याला समजत नाय रं. तू जवळ असलास म्हंजे बरं."

तेव्हापासून मी रोज त्यांच्या बाजूला बसतो. काका दोघांची हजेरी देतात, तशीच खणखणीत. सरांचा जबाब मात्र त्या दिवसापासून बंद झाला. त्यांच्या शेजारी बसून उठल्यावर मला ते खातं उघडवत नाही. काका रोज खाली बोट सरकवून बघतात आणि टोपी नीट करतात.

काल म्हणाले, "सर रागावले असतील काय रं? माझंच चुकलं. मी जरा जास्त बोललो त्यांच्याकडं."

"काय बोललात?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"काय नाय," म्हणाले, आणि माझा पाट ओढून स्वतःच्या पाटाशेजारी लावला.

चूक त्यांची नव्हती, सर रागावलेले नाहीत आणि सर कोण होते, हे मला काकांना तोंडावर सांगायचं आहे. आज सकाळीही वर्गाला बसलो. सांगितलं नाही.