सत्यवानाला ‘तुम्ही’ म्हटल्यावर

“यंदा फणसाची फांदी तुटतली, पण माझो आवाज चढूचो नाय!” पायातल्या चपला काढायच्या आतच गुरुदासने बायकोला, विमलाला, जाहीर केलं. कचेरीतर्फे सावंतवाडीत दोन दिवसांचं ‘सुसंवाद’ प्रशिक्षण घेऊन तो आला होता. प्रमाणपत्रासकट!

शेजारच्या सत्यवानाचा फणस दोन घरांमधल्या गडग्यावरून गुरुदासच्या पडवीवर वाकलेला. दरवर्षी मिरगाच्या पावसाआधी दोघे दगडी गडग्याच्या दोन बाजूंना उभे राहून तासभर भांडायचे, मग सत्यवान फांदी तोडायचा आणि विमला दोघांना चहा द्यायची. यंदाची फांदी मांडीएवढी जाड होती. पावसात पडली तर पडवीची कौलं गेलीच!

दुसऱ्या दिवशी गुरुदास गडग्याशी गेला. “नमस्कार सत्यवानजी. तुमच्या फांदीमुळे मला काळजी वाटते. तुमची बाजूही मला समजून घ्यायची आहे.”

सत्यवानाच्या तोंडातली विडी खाली पडली. “गुरुदासा, मी तुझां काय वायट केलंय रे? वकिलाक भेटलंस काय?”

“छे! आपण शांतपणे मार्ग काढू.”

“म्हणजे भेटलंसच!” सत्यवान घरात शिरला आणि त्याने कडी लावली.

समोरचा गोंधळला तर मुद्दे लिहून द्यावेत, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. गुरुदासने सुवाच्य अक्षरात, वर तारीख घालून कागद लिहिला.

“अवो, चार गाळी घाला नि मोकळे होवा!” विमला म्हणाली. पण ऐकतोय कोण! त्याने कागद सत्यवानाच्या दाराखालून सरकवला.

सत्यवानाला ती कोर्टाची नोटीसच वाटली. प्रकरण कोर्टात असताना झाडाला हात लावायचा नसतो, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्याने कोयता माळ्यावर टाकला. मिरगाला उरले चार दिवस!

सोमवारी गुरुदास देवळात गेला, तर सत्यवान नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत होता. “बा देवा म्हाराजा! माझो शेजारी गुरुदास माका ‘तुम्ही’ म्हणता! तेका काय बाधा झाली आसात ती दूर कर, आणि तेका पयल्यासारखो भांडूक लाव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” देवळात जमलेले सगळे ओरडले. त्यात सवयीने सगळ्यात मोठा आवाज गुरुदासचा! मग त्याला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं एकही शिवी मनात न ठेवणारा हा माणूस चार गोड वाक्यांनी घाबरला होता.

सत्यवान घरी परतताच गुरुदास गडग्यावर चढला. “सत्या! मेल्या, माझी कौलां फुटल्यावर फांदी तोडतलंस काय रे?”

पलीकडे सत्यवान दार उघडून बाहेर धावला. “विमलावैनी! आमचो गुरुदास इलो गो!”

माळ्यावरचा कोयता घेऊन तो सरसर झाडावर चढला. “माझ्या फणसाखाली घर बांधूक तुका कोणी सांगितल्लां?”

“माझो आजो आधी, तुझो फणस मागसून!”

चार दिवसांचं तुंबलेलं भांडण! दोघेही इतके रंगले की फांदीला दोर बांधायचं कोणालाच सुचलं नाही. ती कडाडली आणि थेट पडवीवर आली. अकरा कौलं फुटली!

धुरळा खाली बसला. गुरुदासने गडग्यावरून हळूहळू वर पाहिलं.

झाडावरून सत्यवान अगदी मऊ आवाजात म्हणाला, “नमस्कार गुरुदासजी. आपण शांतपणे मार्ग काढू.”