जर्मनीची तालीम आणि किशनकाकांची लेस

आमच्या आदिलाबादला कापूस बाजारासमोरच्या रस्त्यावर हल्ली संध्याकाळी एक मिरवणूक निघते. सगळ्यांत पुढे मी, हातात पडद्याची दांडी आणि तिला बांधलेला पिवळा ब्लाउजपीस. मागे दोन मुलं, त्यांच्यामागे त्यांची आजी म्हणजे आमच्या काकू, आणि शेवटी, घडोघडी खाली वाकून बुटाची लेस बांधणारे किशनकाका. ही मिरवणूक कुठल्या देवाची नाही की पक्षाची नाही. ही जर्मनी आहे.

किशनकाका माझे शेजारी. महसूल खात्यात जमिनींची पाहणी करणारे गिरदावर होते. शेतात उभं राहून बांध डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी कुणाच्या कागदाला हात लावला नाही. "मोका पाह्यल्याशिवाय सही नाही," हे त्यांचं वाक्य; मोका म्हणजे प्रत्यक्ष जागा. काका निवृत्त झाले, वाक्य झालं नाही. भाजीवाल्याची वांगी असोत की पुतणीला आलेलं स्थळ, आधी मोका. त्या स्थळाच्या घरी जाऊन त्यांनी पहिल्यांदा नळ सोडून पाहिला होता. लग्न व्यवस्थित झालं, आणि लग्नाआधी नळही दुरुस्त झाला.

त्यांच्या मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं घर, मुलाबाळांसकट, एका टूर कंपनीबरोबर जर्मनीला न्यायचं ठरवलं. आता जर्मनीचा मोका आधी कसा पाहायचा? मग काकांनी जर्मनीच आदिलाबादेत आणली.

दिवाणखान्यातल्या सोफ्याचं विमान झालं. सगळ्यांच्या कमरेला काकांचे जुने पट्टे. सवय हवी म्हणून जेवायला ब्रेड आणि उकडलेले बटाटे. ठेचा मात्र चालू होता, कारण "ठेचा आपण संग नेऊनच राह्यलो". पाण्याच्या टाकीला किल्ला समजून मुलांनी तिचे फोटो काढले. मी शाळेच्या सहली नेतो, म्हणून गाईडच्या जागेवर माझी नेमणूक झाली. टूरची मंडळी हैदराबादची, म्हणजे गाईड तेलुगूच बोलणार. तेव्हा मी झेंडा वर करून "आगंडी!" ओरडलो की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, आणि काकांनी हजेरी घ्यायची.

एकदा गुडीहत्नूरकडचा एक शेतकरी, बाजारात कापूस उतरवून मोकळा झालेला, आमच्या ओळीत शिरला.

"कशाचा मोर्चा हाय जी?"

"जर्मनीचा," काकांची धाकटी नात चिनू म्हणाली.

"भाव वाढून देतील का थे?" असं विचारत तो बसस्टँडपर्यंत आला. काकांनी हजेरीत त्यालाही मोजला आणि एक माणूस जास्त भरतोय म्हणून मलाच झापलं.

या सगळ्यात अडलं होतं ते काकूंचं. त्यांचे गुडघे दुखतात. टूरचा विषय निघाला त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "माह्यापायी सगळ्याईचा खोळंबा काऊन? तिथं बस थांबते का कोणासाठी? तुमी जा. मी घर पाहतो." मुलाने हात जोडले, सुनेने समजूत घातली, काकू हलेनात. शेवटी एवढंच कबूल झालं, की तालमीत जमलं तर बघू.

आणि नेमकी तालीम बिघडवत होते काका. बाजाराचं फाटक आलं की लेस सुटली. औषधाच्या दुकानाचा ओटा आला की लेस सुटली. मी वैतागलो. मुलाने पट्ट्याचे बूट आणून दिले, ते काकांनी तसेच परत पाठवले. "सारी नोकरी मी लेसच्या बुटात केली. आता जर्मनीले जाऊन पट्टे लावू?" घरात सगळ्यांची खात्री झाली, की बस चुकलीच तर ती काकांमुळे. काकू तर तोंडावर म्हणू लागल्या, "याईच्यापेक्षा मीच बरी चालतो."

झेंडा धरणाऱ्याला पुढेच पाहावं लागतं, त्यामुळे मागे काय चाललंय ते मला दिसत नसे. एका संध्याकाळी वाऱ्याने ब्लाउजपीस उडाला आणि तो उचलायला मी मागे वळलो. काकू मागे रेंगाळल्या होत्या, एक हात गुडघ्यावर. काका त्यांच्याकडे पाहत होते. मग ते खाली वाकले, चांगली घट्ट बांधलेली लेस त्यांनी स्वतःच्या हाताने ओढून सोडली आणि ओरडले, "ठैरा! लेस सुटली!"

काकू औषधाच्या दुकानाच्या ओट्यावर टेकल्या. "बांधा निवांत," त्या म्हणाल्या, आणि गुडघा चोळत बसल्या. काकाही निवांत बांधत राहिले. दर वेळी लेस सुटते तिथे बसायला काहीतरी असतंच, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. काका मोका पाहूनच थांबत होते. मी पाहिलं हे काकांना कळू नये म्हणून मी पाठ फिरवून ब्लाउजपीस दांडीला बांधत बसलो.

त्याच आठवड्यात काकूंनी मुलाला सांगितलं, "काढ माहं बी तिकीट. सगळे पुढं गेले तर हे एकटे लेस बांधत बसतील परक्या मुलखात. याईच्यासाठी कोणी तरी थांबाले पाहिजे ना."

तिकीट निघालं त्या दिवशी काका भलतेच खुशीत होते. संध्याकाळच्या तालमीत हजेरी विसरून, लेस विसरून ते माझ्या बरोबरीने पुढे चालले होते. ठेचा बरणीत न्यावा की डब्यात, यावर माझं मत घेत होते. बाजाराचं फाटक मागे गेलं. तेवढ्यात पाठीमागून चिनू किंचाळली.

"आगंडी! आबा, माझी लेस सुटली!"

आम्ही वळून पाहिलं. चिनू रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली होती, आणि काकू शेजारच्या पायरीवर हळूच टेकत होत्या. काका बघतच राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, तो पुन्हा लावला, आणि ते म्हणाले, "मास्तर, झेंडा खाली घ्या. बांधू द्या पोरीले निवांत."

चिनूच्या पायात साध्या रबरी चपला होत्या.